माझ्या पोटातला स्पंजचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात चीर गेली आहे आणि पाठीवर ओरखडेच ओरखडे आहेत. त्यांची मला लाज नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मुलं माझ्यावर खेळ खेळतील, चित्रं काढतील. पण मी जाऊन पडलो एका आजोबांच्या मांडीवर. त्यांनी जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली होती आणि बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ते एका बोटाने माझ्यावर अक्षरं टिपायचे आणि मी ती मोठ्याने वाचायचो. माझ्या तोंडून ते भाजीवाल्याशी घासाघीस करायचे, सुनेची थट्टा करायचे. "हा टॅब नाही, आमचे धाकटे सासरेच आहेत," असं सून म्हणायची. त्या दिवसांत मला भारीच शिष्टपणा चढला होता.

आजोबांच्या मुलाला प्रत्येक वस्तू उघडून बघायची खोड. माझा आवाज खरखरतो म्हणून एकदा त्याने मला उघडलं, धूळ फुंकली आणि पुन्हा बंद केलं. बाहेर नखाएवढा स्पंजचा तुकडा उरला. "हे जास्तीचंच देतात," म्हणत त्याने तो डब्यात टाकला. त्याच्या दुरुस्तीनंतर काही ना काही उरायचंच. त्या डब्यात जवळजवळ अर्धा मिक्सर होता.

पण तो तुकडा माझ्या बॅटरीची जोडणी दाबून धरायचा. तो गेल्यावर जोडणी हळूहळू सैल झाली. जरा तिरका झालो की मी बंद पडायचो. आजोबांचं वाक्य अर्ध्यावर, आणि मी मुका! चार्जरला लावताना हिसका बसला की पुन्हा जागा व्हायचो, म्हणून सगळ्यांना वाटायचं, चार्जिंगच संपलं होतं.

"बाबा, परत लावायला विसरलात ना?" मुलगा म्हणायचा. "किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

आजोबा जोरजोरात मान हलवायचे. उत्तर द्यायला बोट माझ्यावर टेकवायचे, तर मीच गतप्राण. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. एकदा पाहुण्यांसमोर मुलगा हसत म्हणाला, "बाबांचं आता वय झालं. लक्षात राहत नाही त्यांच्या." आजोबांनी मला सोफ्यावर पालथं ठेवलं आणि ते आत निघून गेले. धरणीने पोटात घ्यावं, असं मला झालं. नंतर कित्येक दिवस त्यांनी मला हात लावला नाही. घरात कुणी काही विचारलं, तर नुसती मान हलवायचे.

एके सकाळी सुनेने मला चार्जरला लावलं आणि ती थबकली. "अहो, इकडे या. आत्ता लावलाय आणि बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली? मग चार्जिंग संपलं कुठे होतं?"

गोंद सुटावा म्हणून मुलाने केस वाळवायच्या यंत्राने माझी पाठ गरम केली आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाने झाकण सोडवलं. आजोबांनी वरून विजेरी धरली. जोडणी एका बाजूने उचलली गेली होती आणि झाकणावर, नेमकी तिच्यासमोर, चिकटपट्टीची नखाएवढी खूण होती. मुलगा त्या खुणेकडे बघतच राहिला. मग उठला आणि डबा घेऊन आला. त्याचे कान लाल झाले होते.

त्याने जोडणी दाबून बसवली, तुकडा जागच्या जागी चिकटवला, झाकण लावलं आणि मला आजोबांच्या हातात दिलं. "बाबा, चूक माझी होती. आणि मी चारचौघांत तुम्हाला... बोला आता. काय बोलायचं ते बोला मला."

आजोबांचं बोट बराच वेळ चाललं. 'लहानपणी तू फार अडखळायचास. एकेक शब्द निघायला वेळ लागायचा. तुझं वाक्य मी कधी तोडलं नाही.' मग त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकेक अक्षर पुसून टाकलं.

"चहा टाक," एवढंच त्यांनी मला बोलायला लावलं. मुलगा डोळे पुसत स्वयंपाकघरात गेला.

मित्रांनो, ते पुसलेलं फक्त मी वाचलंय, आणि तुम्हाला सांगतानाही मला शरमल्यासारखं होतंय. पण तुमच्या घरात एखादी वस्तू अडली, तर ती ज्याच्या हातात आहे त्याला बोल लावण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. आणि तो काही सांगू बघत असेल, तर जरा थांबा. त्याला वेळ लागेल.