मुद्दाम उंच बसवलेली बारावी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यातल्या एका किल्ल्याच्या गोल जिन्यातली बारावी. माझ्या बहिणींपेक्षा मी चार बोटं उंच आहे. लोक म्हणतात, गवंड्याचं माप चुकलं. साफ खोटं! डोनखा गवंड्याने मला मुद्दाम उंच बसवलं. तलवार उपसून धावत येणारा शत्रू अंधारात माझ्यावर आपटावा, म्हणून. जिना पुरा झाला तेव्हा किल्ल्याचा मालक ऐटीत वर निघाला आणि माझ्यापाशी तोंडावर पडला. उठला तो हसतच. त्याने डोनखाला दुभती गाय बक्षीस दिली.

पाचशे वर्षं मी माझं काम चोख केलं. किती गुडघे फोडले, याची मला मुळीच लाज नाही. पुढे लढाया संपल्या, छप्पर गेलं, जिन्यात कावळ्यांनी काटक्या भरल्या. मग डागडुजी झाली, सहली येऊ लागल्या आणि मी एकदम 'धोकादायक' ठरले.

गेल्या मे महिन्यात सुरक्षेच्या तपासणीला हेनबरी साहेब आले. किल्ला सांभाळणाऱ्या अट्रॅक्टाबाईंना म्हणाले, "आजच्या सहलीत एक जरी माणूस पडला, तर उद्या सिमेंट ओतून ही पायरी सारखी करतो."

"शत्रूंना जमलं नाही ते तुम्ही करणार म्हणा की!" बाई फणकारल्या. मला मात्र भीती वाटली. सपाट झाले तर मी कोण उरणार?

शाळेची चाळीस पोरं पावसात भिजून आली. अट्रॅक्टाबाईंनी त्यांना खालीच दटावलं, "पायऱ्या मोठ्यानं मोजायच्या. बारावीला पाय उचलायचा. ती शत्रूला पाडते. तुम्ही शत्रू आहात का?"

"शत्रू नाही, पण ही ओर्ला आहे!" कुणीतरी ओरडलं. "ही सपाट मैदानातही पडते!"

"पडते तर पडते! तुझ्या डब्यातलं सँडविच नाही ना पाडलं?" ओर्लाने फटकारलं.

पोरं मोजत चढली. सगळ्यांत शेवटी ओर्ला. माझा जीव टांगणीला लागला. "दहा... अकरा..." ती थांबली, भिंतीवरची आधाराची दोरी घट्ट धरली, गुडघा चांगला उचलला आणि पार झाली! वळून तिने मागून चढणाऱ्या हेनबरी साहेबांना हाक दिली, "साहेब, बारावी आली!"

साहेबांची नजर तपासणीच्या कागदात होती. धाडकन आपटले.

वर चाळीस डोकी डोकावली. अट्रॅक्टाबाईंनी साहेबांना हात देऊन उठवलं आणि त्यांचाच कागद पुढे धरला. "लिहा ना साहेब. पडणाऱ्याचं नाव, हुद्दा, खाली सही."

साहेबांनी पेन काढलं. ते कागदावर टेकवलं आणि परत उचललं. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

"मालक पडला तेव्हा त्यानं गाय दिली होती," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून चहा चालेल."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी हात जोडून सांगणार नाही. माझ्यापाशी याल तेव्हा मोजत या आणि पाय तुम्ही उचला. मी चार बोटंही खाली येणार नाही.