लग्नाच्या कॅमेऱ्याने ऐकलेली चाल

माझ्याकडे पाहून हसू नका, मित्रांनो. खांद्यावर घ्यायचा आणि अख्खी कॅसेट गिळणारा मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. हल्ली माझा मुक्काम बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या एका दुकानाच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या फुलांच्या खोक्याशेजारी असतो. तिथे मला बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

परदेशी वस्तू दुकानांत सहज मिळू लागल्या, त्या सुमारास मी जपानहून इथे आलो. धनाजीरावांनी पेढे वाटून मला घरी आणले. ते लग्नांचे व्हिडिओ काढत. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे, प्रवासात मांडीवर जागा मिळे. माझे कौतुक फार होते, पण काम तेच ते. मला पाहिले की लोक हातात घास धरून हसत बसत. त्या हसण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता.

त्या धंद्याची एक रीत होती, ती नीट ऐका. लग्नातला खरा आवाज कुणालाच नको असतो. भटजींचा खोकला, भांड्यांचा खणखणाट, रुसलेल्या आत्याबाईंची कुजबूज हे सगळे धनाजीराव पुसून टाकत आणि त्यावर सिनेमाच्या गाण्यांच्या चाली चढवत. अंधार आलेला भागही कापत. मग त्या मूळ कॅसेट पुन्हा माझ्या पोटात जात, पुढच्या लग्नासाठी.

धनाजीरावांची मुलगी भक्ती चित्रकला शिकत होती. एके दिवशी स्वतःची एक फिल्म करायला ती मला जवळच्या गोरव्याला घेऊन गेली. तिथे मयंक नावाच्या एका मुलाच्या वडिलांचा लेथ मशिनचा कारखाना रविवारी बंद असे आणि त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिघे जण जॅझ वाजवत. मयंक ड्रम वाजवी, शाळेत गाणे शिकवणाऱ्या निरुपमाताई कीबोर्डवर असत आणि सुभानरावांच्या हाती ट्रम्पेट असे. सुभानरावांचे आजोबा संस्थानच्या बँडमध्ये होते. आजोबांची कवायतीची एक चाल त्यांना तोंडपाठ होती. कुठे लिहिलेली नव्हती. तिच्यातून तिघांना एक नवी चाल घडवायची होती, जिच्यात कवायतीचे पाय असतील पण शिस्तीची काठी नसेल.

"तयार गाणं नकोय मला, सुभानकाका," भक्ती म्हणाली होती. "ते तयार कसं होतं, ते हवंय. तुम्ही चुका, भांडा, मी घेत राहीन."

"मग लवकर घे, बेटा," सुभानराव म्हणाले. "पुढचे दात हलायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, काढा. दात गेले की ट्रम्पेट गेलं. तुझ्या फिल्मसाठी राखून ठेवलेत."

ते हसत म्हणाले, पण बाकी कुणी हसले नाही. जबडा दुखायचा तेव्हा ते लवंग दाबून धरत आणि पुन्हा फुंकायला उभे राहत.

आणि काय भांडले हो ते! चाल फार सरळ जाते म्हणून मयंक चिडे. निरुपमाताई, "शाळेच्या प्रार्थनेसारखं वाजतंय हे," म्हणून कीबोर्डवरून हात काढून घेत. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा खरे काही ऐकायला मिळत होते. माझ्याकडे पाहून तिथे कुणी हसत नव्हते.

मग तो रविवार आला. वाजवता वाजवता लाइट गेली. कीबोर्ड मुका झाला, शेडमध्ये काळोख पसरला. मी बॅटरीवर होतो, भक्तीने मला बंद केले नाही. मयंक थबकला आणि त्याचा ठोका उशिरा पडला. त्या उशिराच्या ठोक्याला धरून सुभानराव एकटेच पुढे निघाले. निरुपमाताईंनी लाकडी बाकावर ताल धरला. आजोबांची कवायत रांग मोडून चालू लागली. चाल सापडली होती. सुभानराव खाली बसले आणि रडले.

त्याच आठवड्यात त्यांनी दात काढून घेतले.

पुढे भक्तीला परीक्षेसाठी आठवडाभर मुंबईला जावे लागले. लेकीचे काम अडून राहू नये, म्हणून धनाजीरावांनी मोठ्या मायेने फिल्म स्वतःच पूर्ण केली. ती परतली तेव्हा दुकानात सगळ्यांना बोलावून त्यांनी टीव्ही लावला. मी शेजारच्या कपाटावर होतो.

पडद्यावर बदामाच्या आकाराच्या चौकटीत सुभानराव दिसले. बोटे त्यांची, फुगलेले गाल त्यांचे, पण ऐकू येत होते सिनेमातले गाणे. भांडणे नव्हती. थांबणे नव्हते. लाइट गेलेला भाग तर नव्हताच.

"बधा, सगळा कचरा काढून टाकला," धनाजीराव खुशीत म्हणाले. "अंधार, खोकणं, वादावादी. एकदम चोख्खं केलंय."

भक्ती उठून उभी राहिली. "बाबा, मूळ कॅसेट कुठायत?"

"त्यावर पटेलांचं लग्न घेतलं की."

आता ऐका, मित्रांनो. ते लग्न मीच टिपले होते. ती चाल माझ्याच पोटात, माझ्याकडूनच पुसून घेतली गेली. मला कुणी विचारले नाही. कॅमेऱ्याला कोण विचारतो?

सुभानराव भले माणूस. "सरस झालीय, धनाजीराव," ते म्हणाले. मग त्यांनी ती चाल मयंकला शीळ घालून ऐकवायचा प्रयत्न केला. रिकाम्या हिरड्यांतून नुसती हवा आली. मयंकने मान खाली घातली. निरुपमाताई उठून गेल्या.

भक्तीने मला पुन्हा हात लावला नाही. पुढे हातात मावणारे कॅमेरे आले आणि मी माळ्यावर चढलो. धनाजीराव पाहुण्यांना आपण सजवलेली ती फिल्म अजून कौतुकाने दाखवतात. त्यांचा मला राग येतो, आणि त्यांना अजूनही काही कळलेले नाही याचा जास्त येतो.

माझी धूळ पुसा म्हणून मी विनवणार नाही. एवढेच मागतो की, कुणी काही घडवत असेल, तर त्याचा पसारा त्याला न विचारता आवरू नका, अगदी मायेनेसुद्धा. पटेलांनी लग्नाची मूळ कॅसेटही हट्टाने मागून नेली होती, त्यांच्या घरी ती आजही असेल. सुभानरावांना जिथे चाल सापडली होती, तिथे आता नवरीचे मामा माझ्याकडे पाहत, हातात मोहनथाळाची वडी धरून हसत आहेत.