साधे की चार्जिंगचे?

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला फडक्याने पुसता येत नाही, की माळ्यावर टाकता येत नाही. म्हणूनच बहुधा माझी आठवणही कुणाला येत नाही.

मित्रांनो, मोबाइल एवढे शहाणे नव्हते तेव्हा लोक हातात मावणारी एक यंत्राची डायरी बाळगायचे. तिला ऑर्गनायझर म्हणत. करड्या पडद्यावर बारीक काडीने गिरवलं की तसंच अक्षर उमटायचं. तिच्या पाठीत दोन सेल असायचे, आणि तिची सारी आठवण त्या दोन सेलांच्या जिवावर. सेल पार संपले की डायरी सगळं विसरायची, जणू आजच कारखान्यातून बाहेर पडली आहे.

त्या सेलांवर लक्ष ठेवणं हे माझं काम.

मला घडवलं चिमणी नावाच्या मुलीच्या आईने, स्वतःच्या वडिलांसाठी. चिमणीचे आजोबा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. आवाज असा खणखणीत, की बाकावर पेंगणारा माणूस दचकून पिशवी उचलायचा. पुढे घशाचं दुखणं झालं, ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. लेकीने त्यांच्या हातात ऑर्गनायझर दिला. त्यावर लिहून ते बोलू लागले. "चहात साखर विसरलीस" हेही लिहायचे आणि "आज बरी दिसतेस" हेही.

त्यांचं खरं बोलणं मात्र नातीशी. लहानपणी त्यांच्या आईच्या जात्यावर ऐकलेली चाल त्यांच्या बोटांत उतरली होती. रोज सकाळी शाळेला निघताना चिमणी पडदा पुढे ओढायची आणि मोठ्याने वाचायची:

वेणीला ग घाई, दप्तराला पाय
शाळा पळे काय, तुझ्यामागे

"आजोबा, दप्तराला कुठे पाय असतात?" ती हसून विचारायची. तेही हसायचे, बिनआवाजाचे, खांदे हलवून.

एकदा घरात चार्जिंगचे सेल आणले. साधे सेल हळूहळू थकतात, आधी सांगून सवरून जातात. चार्जिंगचे सेल तसे नाहीत. ते शेवटपर्यंत ताठ उभे राहतात आणि मग एकदम कोसळतात. ऑर्गनायझरला हा फरक कळत नव्हता. एकदा डायरी कोरी होता होता वाचली, म्हणून चिमणीच्या आईने मला लिहायला घेतलं. ऑफिसातून आल्यावर, कुकर लावून, एका कानाने शिट्ट्या ऐकत तिने मला ओळीओळीने उभं केलं. मी उघडलो की एकच प्रश्न विचारायचो: सेल कोणते, साधे की चार्जिंगचे? उत्तर मिळालं की त्याप्रमाणे मी इशाऱ्याची घंटा कधी वाजवायची ते ठरवायचो. मला डोळे नाहीत. माणूस जे सांगेल ते मी खरं मानतो.

घरात तेव्हा दोन नियम झाले. सेल बदलताना एक काढायचा, लगेच एक घालायचा, मग दुसरा. आणि सेलांची जात बदलली, तर मला सांगायचं.

मी नीट चाललो तशी चिमणीच्या आईने माझी प्रत इंटरनेटवर ठेवली. ज्याला हवी त्याने न्यावी, फुकट. कुणा डॉक्टरने लिहिलं, "तुमच्यामुळे माझ्या पेशंटची माहिती वाचली." ती ओळ तिने बाबांना वाचून दाखवली. आजोबांनी लिहिलं, "कारटं गुणी आहे." कारटं म्हणजे मी. मित्रांनो, त्या दिवसाइतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही. बाकीचे मला घेऊन जायचे आणि मागे वळून पाहायचे नाहीत. एकाने तर लिहिलं, "फुकट देताय म्हणजे नक्की काहीतरी गोम असणार."

चिमणीची शाळा पंचवीस वर्षांची झाली. त्या कार्यक्रमात चिमणीने आजोबांची कविता म्हणायचं ठरलं. आजोबा हरखले. दिवसभर खिडकीशी बसून ते गिरवायचे, खोडायचे, पुन्हा गिरवायचे. बसस्थानक, गाड्या, गेलेला आवाज, नात, सगळं त्यात येत होतं. चिमणीची आई म्हणायची, "बाबा, एकदा मला डायरी द्या ना. कॉम्प्युटरवर प्रत काढून ठेवते."

आजोबा लिहायचे, "पूर्ण झाल्यावर. मधेच माझा घसा काढून नेतेस का?"

आणि डायरी छातीशी धरायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मामा घरी होता. चिमणीचा मामा, आजोबांचा धाकटा मुलगा. टीव्हीवर मॅच रंगली होती आणि रिमोटने मान टाकली. आजोबा अंघोळीला गेले होते, ऑर्गनायझर टेबलावर होता. मामाने त्यातले साधे सेल काढून रिमोटला घातले आणि आपल्या कॅमेऱ्यातले चार्जिंगचे सेल इकडे बसवले. एक काढला, एक घातला, मग दुसरा. पहिला नियम त्याने अगदी शिकवल्यासारखा पाळला.

"अरे, काय करतोयस?" चिमणीच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही गं. सेल म्हणजे सेल!"

आणि चौकार गेला, म्हणून तो ओरडला. मला कुणी काही सांगितलं नाही. माझ्या लेखी आत साधेच सेल होते.

आजोबांनी उरलेली कडवी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली. चिमणीला पहिलं कडवं पाठ होतं, बाकीची पाहून म्हणायची होती. शाळेच्या सभागृहात दुपारचं ऊन खिडक्यांतून खुर्च्यांवर पडलं होतं. आजोबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. चिमणी डायरी घेऊन उभी राहिली आणि त्या जुन्या चालीवर तिने सूर लावला:

गाडी ग सुटली, फलाट रिकामा
शब्द माझा जमा, नातीपाशी

चिमणीने पुढचं पाहण्यासाठी पडद्यावर काडी टेकवली.

मी सेल तपासले. साध्या सेलांच्या मानाने सगळं ठीक होतं. दुसऱ्या क्षणी पायाखालची जमीनच गेली. घंटा वाजवायलाही मी उरलो नव्हतो.

पडदा विझला. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटच्या धुगधुगीवर तो उजळला आणि त्यावर एक फुली आली. नव्याकोऱ्या डायरीवर पहिल्यांदा येते ती. खाली लिहिलं होतं: स्वागत आहे, सुरुवात करण्यासाठी इथे टेकवा.

"आजोबा, पुढचं मला येत नाही," चिमणी म्हणाली.

आजोबा उठून उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलत होते, सगळी कडवी त्यांना येत होती. ऐकू मात्र काहीच आलं नाही. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी त्या वाजवल्या.

तुम्हाला वाटेल, मीच जर पुसला गेलो तर हे सांगतो कसा? माझी मूळ प्रत चिमणीच्या आईच्या कॉम्प्युटरवर होती. घरी येताच तिने मला पुन्हा त्या रिकाम्या डायरीत घातलं. घालण्याआधी पाठीचं झाकण उघडलं. आत कॅमेऱ्याचे सेल होते. ते काढून तिने टेबलावर ठेवले आणि नवे साधे घातले.

मामा दारात उभा होता. त्यानेही पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, मग त्याने आवाज चढवला. "ताई, तुझा तो प्रोग्रॅमच फालतू! फुकटातल्या गोष्टींचं असंच असतं."

मी वाट पाहत राहिलो. ती आता सांगेल. तिने मला ओळीओळीने लिहिलं होतं, माझ्यात खोट नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"असेल रे," ती म्हणाली. "काहीतरी चुकलं असेल माझंच."

घरात भांडण नको, म्हणून. भाऊ दुखावेल, म्हणून. माझं काय, मी बोलून दाखवणार थोडाच.

मग तिने डायरी आजोबांपुढे ठेवली. "बाबा, आठवेल तसं लिहा ना पुन्हा."

आजोबांनी आधी मामाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या सेलांकडे. त्यांना सगळं कळलं होतं. काडी हातात घेतली, पडद्यापर्यंत नेली. लिहायचं म्हणजे आता एकच गोष्ट लिहायची होती, आणि ती मुलाला दोष देणारी होती. त्यांनी काडी खाली ठेवली, डायरी हळूच दूर सारली आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्यांनी कधीच काही लिहिलं नाही. चहा हवा असला तर कप पुढे करायचे. चिमणी सकाळी दप्तर घेऊन क्षणभर त्यांच्यापाशी थांबायची, मग नुसतीच निघायची. पुढे तिने थांबणंही सोडलं.

त्याच आठवड्यात इंटरनेटवर माझ्या नावाखाली एक ओळ आली, मला घडवणाऱ्या हातांनीच लिहिलेली: हा प्रोग्रॅम भरवशाचा नाही, कृपया वापरू नये. ती ओळ अजून तिथे आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझा काळ गेला. पण तुमच्या घरात कुणी गप्प माणूस असेल, त्याचं बोलणं ज्या वस्तूच्या आधाराने चालत असेल, तिला न विचारता हात लावू नका. आणि लावलाच, तर चारचौघांत सांगा की तो हात माझा होता. त्या दिवशी मामाने एवढं एकच वाक्य म्हटलं असतं, तर आजोबा चिडले असते, काडी उचलून त्याला चार शिव्या लिहिल्या असत्या, आणि मग कदाचित कविताही.