इंजिनाच्या पोटातलं पाणी

थेंब दर चाळीस सेकंदांनी पडत होता. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. बॉयलरच्या खालच्या एका रिव्हेटपाशी तो जमायचा, फुगायचा, सुटायचा आणि मागे पांढरट खपली ठेवायचा.

त्या एका थेंबासाठी दोनशे माणसं तांबे घेऊन रांगेत उभी होती.

चिखलीजवळच्या बंद जिनिंग-प्रेसच्या आवारात हे छोटं वाफेचं इंजिन पडून होतं. कधीकाळी त्यानं कापसाच्या गाठी ओढल्या होत्या. निवृत्त फिटर भगवंतराव आणि मी, शाळेतली विज्ञानाची बाई, दर रविवारी ते दुरुस्त करत होतो. खांडेनवमीला भगवंतरावांनी पान्या-हातोड्यांबरोबर इंजिनालाही हळद लावली. थेंबाजवळची हळद पाहता पाहता कुंकवासारखी लाल झाली.

दुसऱ्या दिवशी झाडफूक करणारा कडूबा तिथे आसन मांडून बसला. “हळद खाते, कुंकू देते. अंग लोखंडाचं हाय, पण काळीज मायचं हाय,” असं तो दर पाच मिनिटांनी म्हणे. हे तीर्थ मोतीबिंदू, मूळव्याध आणि रखडलेलं लग्न, तिन्हींवर चालत होतं. मूळव्याधीसाठी ते कसं घ्यायचं, हे तो कानात सांगे.

मला कारण पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तरी मी गप्प राहिले.

कारण त्याच आठवड्यात भंगारवाला गॅस कटर घेऊन आला होता. आवाराच्या मालकानं इंजिन त्याला देऊन टाकलं होतं. भाविकांनी त्याला फाटकातूनच पिटाळलं. भगवंतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, लोकं पुजून राह्यले तवरक कटर लागत नाही. आपण काऊन बोलायचं?”

तीन आठवडे मी बोलले नाही. थेंबभर पाण्यानं काय होणार, असं स्वतःला समजावत राहिले. पाणी गळतीपाशी सुकून जास्त तीव्र होतं, हे मी मुलांना फळ्यावर शिकवलेलं होतं.

सोमवारी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रुखमाबाई डाव्या डोळ्यावर पदर दाबून आल्या. मोतीबिंदू जावा म्हणून त्या आठ दिवस तीर्थ डोळ्यात घालत होत्या. मी अर्धा तास नळाखाली त्यांचा डोळा धुतला, मग त्यांना दवाखान्यात नेलं. डोळा वाचेल, बुबुळावरचा डाग मात्र राहील, असं डॉक्टर म्हणाले. बाकावर बसून रुखमाबाईच माझी समजूत काढू लागल्या. “तुमी काऊन रडता, बाई? मायनं परीक्षा पाह्यली असन माही.”

दवाखान्यातून मी किराणा दुकानात गेले आणि तिथून थेट आवारात.

रांगेपुढे मी पांढरा रुमाल पसरला. त्यावर ओली हळद लावली. पापडखार पाण्यात कालवून दोन थेंब टाकले. हळद लाल झाली. वर लिंबू पिळलं, ती पुन्हा पिवळी झाली. रांग पुढे सरकली, पण या वेळी रुमालाकडे.

भाजी विकणाऱ्या तानाबाई वाकून बघत म्हणाल्या, “लुगड्यावरचा हळदीचा डाग साबणानं लाल होते, तसंच व्हय का हे?”

“अगदी तसंच. इंजिनाच्या पाण्यात कॉस्टिक सोडा आहे. त्यानं डोळा जळतो.”

कडूबा हसला. त्याला वाटलं, डाव हातात आला. “पापडखार तुमच्या पुडीत होता, मॅडम. मायच्या पोटात सोडा कोन टाकाले गेलं? सांगा या लोकायले.”

सगळे माझ्याकडे वळले. भगवंतरावांनी मान हळूच हलवली. नको, असं.

“मी टाकला,” मी म्हणाले. “न वापरता पडून असलेल्या बॉयलरला आतून गंज चढू नये म्हणून असं पाणी भरून ठेवतात. मोजून मीच भरलं. हळद लाल झाली तेव्हाच मला कळलं होतं. इंजिन वाचावं म्हणून मी तुम्हाला ते पिऊ दिलं. रुखमाबाईंच्या डोळ्याला डाग पडलाय, तो माझ्यामुळे. नमस्कार कशालाही करा. पण अंगात काही घेण्याआधी विचारा, यात काय आहे आणि ते कोणी घातलं. मलाही विचारा.”

फाटकाबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. रोजच असायचा.

मी भगवंतरावांकडे पाहिलं.

“लोकांना लांब करा आणि खालचा कॉक उघडा. बॉयलर आत्ताच रिकामा करायचाय.”