एका ओळीचे सांधे

बाबा गेले, त्यांचं टेबलावरचं लाकडी गलबत अर्धवट राहिलं आणि ते पुरं करायचा विडा धाकटीने उचलला. ती दातांची डॉक्टर, बारीक कामाला हात बसलेला, म्हणून कुणी हसलं नाही. आई तेवढी म्हणाली, "जन्मभर माझ्या उरावर नांदली ही सवत. आता तू सांभाळ तिला."

डेकच्या मधोमधून दोन्ही कडांकडे बाबांनी बोटभर लांबीच्या फळ्या बसवत नेल्या होत्या. कडेच्या ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. नेम साधा होता. शेजारच्या दोन ओळींतले सांधे एका रेषेत येता कामा नयेत. ते दर ओळीला सरकायचे आणि चार ओळींनी मूळ जागी परतायचे. खऱ्या जहाजात हे चुकलं तर डेक तिथेच उकलतं. आपल्या हातून बाबांचा क्रम मोडायला नको, म्हणून धाकटीने भिंग घेऊन डावी बाजू पाहायला घेतली. आणि थबकलीच. मधल्या एका ओळीचे सांधे शेजारच्या ओळीला खेटून, अगदी एका रेषेत!

केसभर फट दिसली तरी अख्खी ओळ उचकटणारे बाबा, आणि ही ढोबळ चूक? हात कापत होता? घाई होती? गोंदही ओघळलेला. तिला चैन पडेना. चूक तशीच ठेवायची तर गलबताला बट्टा. तिने पातं उचललं.

"ती काढू नकोस," दारातून आई म्हणाली.

"अगं, चुकलीय ती."

"ठाऊक आहे. मीच लावलीय." आई ओशाळली. "हे दवाखान्यात होते तेव्हा. म्हटलं, घरी येतील तर काम जरा पुढे गेलेलं दिसेल. आले, डावी बाजू कडेजवळ नेली, मग उजवीही तिथवर आणली, धूळ नको म्हणून झाकून ठेवली. चकार शब्द नाही. लक्षच गेलं नाही बघ यांचं."

लक्ष गेलं नाही? बाबांचं? धाकटीला काही केल्या पटेना. तिने उजव्या बाजूवरचा कागद उचलला आणि मधून ओळी मोजत गेली.

तीच ओळ. सांधे तसेच शेजारच्याला खेटून, एका रेषेत. फक्त इथे गोंद स्वच्छ पुसलेला होता आणि फट नावाला नव्हती. बाबांनी आईची चूक मापं घेऊन केली होती.

तिने भिंग आईच्या हातात दिलं. आईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. डोळे भरून आले.

"बोलले असते तर तोंड झिजलं असतं का यांचं!"

मग पदराने डोळे पुसून तिने खुर्ची ओढली. "सरक जरा. पुढची फळी कुठे लावायची ते सांग."