जावयासाठी कुरडया

लाकडी चिमटा होता. कपडे वाळत घालायचा, पाण्याने करडा पडलेला, तारेला किंचित गंज चढलेला – वरून कुठूनतरी सुटून तो वंदनाच्या पायांपुढे दगडावर टक्कन पडला आणि तिने तो उचलला. वर पाहिलं. अरुंद बोळाच्या दोन्ही अंगांना निळ्या-पिवळ्या फरशांच्या भिंती चढत गेलेल्या, खिडक्यांबाहेर दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी, एका लहान मुलाचा पायजमा, पुरुषाचे काळे मोजे ओळीने... कुणाचा असेल? माहेरी, धावड्यात असती तर मान वर करून ओरडली असती, कुणाचा चिमटा पडला गं, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर आल्या असत्या, चिमटा राहिला असता बाजूला. इथे हाक कोणत्या भाषेत मारायची? तिने तो एका उंबऱ्यावर ठेवला, थोडी पुढे गेली, परत आली, आणि कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. मग स्वतःशीच हसली. बघणारं कुणी नव्हतं.

बघणारं कुणी नाही, ही गोष्ट ती सकाळपासून पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होती – दात पडल्यावर जीभ त्या जागी जाते तशी. पोर्तो शहरात ती कुणाचीच कुणी नव्हती. जालन्याच्या कचेरीतल्या वंदनाताई नव्हती, सर्जेरावांची बायको नव्हती, अंगदची आईसुद्धा नव्हती, कारण अंगद जर्मनीत त्याच्या कॉलेजात होता. त्याला भेटायला म्हणूनच ती एवढ्या लांब आली होती, आणि त्यानेच स्वस्तातलं विमान शोधून तिला दोन दिवसांसाठी इकडे पाठवलं होतं. काल रात्री हॉस्टेलात वरचा पलंग मिळाला. शिडीवरून चढताना खालच्या पलंगावरच्या पोरीने विचारलं, एकट्याच आलात? इंग्रजीतच विचारलं, पण गंमत अशी की त्या विचारण्यात ‘अगं बाई’ नव्हतं. हो, एकटी – म्हणताना वंदनाला आपला आवाज जरा नवा वाटला.

खरं तर राहायला दीपमालाकडेच जायचं होतं. धावड्याच्या शाळेत एका बाकावर बसलेली दीपमाला, पुढे पुण्याला नोकरीला गेलेली, तिथल्या कंपनीत आलेल्या एका पोर्तुगीज माणसाशी लग्न करून इकडे आलेली. इतक्या वर्षांनी भेट, आणि तिचा निरोप काय, तर घर लहान आहे गं, तू हॉस्टेलवर उतर, दुपारी जेवायला ये. वंदनाला लागलं होतं ते. धावड्यात एका खोलीत सातजण झोपायचो आपण, आणि हिचं घर लहान... पण लागण्यापेक्षा कुतूहल मोठं होतं. काय असेल त्या घरात, जे मला रात्री दिसू नये?

नदीपर्यंत ती पायीच उतरली. बाकावर बसून पाव आणि केळं खाल्लं. समोर उंच लोखंडी पूल, त्याच्यावरून आगगाडीसारखी ट्राम सरकत होती आणि तिच्या शेजारून माणसं निवांत चालत होती, कुणीच कुणाला बाजूला हो म्हणत नव्हतं. एक म्हातारा टोपलीतून भाजलेले चेस्टनट, शिंगाड्यासारखी तपकिरी फळं, विकत होता. धूर, खारट वास, आणि त्या वासातून एकदम चतुराबाईंची चूल... निघायच्या आदल्या आठवड्यात ती धावड्याला गेली होती. दीपमालाची आई, चतुराबाई, कापूस वेचून नुकत्याच आलेल्या, हात न धुताच फडताळातून डबा काढत म्हणाल्या होत्या, “कुरडया हायेत. घरच्या गव्हाच्या. जावयाला लई आवडत्यात, मागं आल्ते तवा ताट भरून खाल्ल्या बिचाऱ्यानं.” जावयाचं नाव रुई. ते कळल्यावर चतुराबाईंचा लग्नाला असलेला अर्धा विरोध मावळला होता – कापसाचंच नाव हाय, म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी समजायचा.

तो डबा आता वंदनाच्या पिशवीत होता. दोन विमानतळांवर उघडून दाखवावा लागलेला. तपासणाऱ्या माणसाने एक कुरडई उचलून उजेडाकडे धरली होती, जाळीदार, पांढरी, आणि क्षणभर त्याचाही चेहरा कुतूहलाने लहान मुलासारखा झाला होता.

चढ दमवणारा होता. दीपमालाने पाठवलेल्या खुणा बघत – कोपऱ्यावर बेकरी, मग हिरवं दार – ती पोचली आणि घंटी दाबली. दार उघडलं ते एका ठेंगण्या म्हातारीने. काळा स्वेटर, वर एप्रन, पांढरे केस कानामागे घट्ट. तिने वंदनाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं – अगदी गावातल्यासारखं, बिनधास्त – आणि म्हणाली, “व्हान्दाना.” मग हात धरून आत ओढलं.

मागून दीपमाला आली. बारीक झालेली, केस कापलेले. दोघी नुसत्याच उभ्या राहिल्या, मग दीपमाला म्हणाली, “तू लठ्ठ झालीस वंदे,” आणि सगळं सोपं झालं.

“ह्या अमेलियाबाई. माझ्या सासूबाई.”

घर लहान नव्हतं. उलट एक खोली सबंध रिकामी दिसत होती, पलंगावर घड्या केलेली ब्लँकेटं. वंदनाने पाहिलं आणि दीपमालाने तिचं पाहणं पाहिलं. टेबलावर पालेभाजी-बटाट्याचं दाट सूप आलं, मक्याचा पाव आला. तीन थाळ्या. वंदना चौथ्या थाळीची वाट पाहत राहिली, मग न राहवून डबा काढून म्हणाली, “आईनं दिल्यात. रुईसाठी.”

दीपमालाने डबा हातात घेतला. झाकण उघडलं नाही.

“रुई न्हाई राहत इथं,” ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून ते ‘न्हाई’ जसंच्या तसं आलं. “चार वर्षं झाली. लिस्बनला असतो, दुसरी हाय तिथं. नाताळात येतो, आईला भेटतो, जेवतो, जातो.”

“आणि तू?”

“मी इथंच.”

“म्हणजे... ह्यांच्याजवळ?”

“हां.” ती पावाचा तुकडा मोडत राहिली. “तो गेला त्या दिवशी हिनं माझ्यासाठी भात केला. येत नव्हता तिला. पार गिचका झाला. आम्ही दोघींनी खाल्ला. मंग दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आन् संध्याकाळी इथंच आले. तिनं काही विचारलं न्हाई, मी काही बोलले न्हाई. काल तू रात्री राहिली असतीस तर पहिल्या तासाभरात विचारलं असतंस, रुई कुठाय. मला वाटलं, दिवसाउजेडी सांगावं.”

वंदनाला काय वाटायला हवं होतं? तिने आत शोधलं. कीव – ती होती, पण बसायला जागा नसल्यासारखी उभीच. राग – तोही आला आणि कुणावर करावा ते न कळून निघून गेला. कारण समोर अमेलियाबाई उठल्या होत्या, डबा उघडून कुरडईचा वास घेऊन बघत होत्या, तेल तापवत होत्या, म्हणजे ही त्यांची पहिली वेळ नव्हती. कुरडई तेलात फुलली, तेल उडालं, आणि म्हातारी हात झटकत म्हणाली, “अगंबाई.”

दीपमाला तिच्यावर खेकसली, पोर्तुगीजमध्ये, पण हेल अस्सल धावड्याचा, चतुराबाई नवऱ्यावर खेकसायच्या तसा. आणि म्हातारीने त्याकडे चतुराबाईंच्या नवऱ्यासारखंच बिलकुल लक्ष दिलं नाही.

माझ्या सासूबाईंना काय आवडतं? – वंदनाच्या मनात हे कुठून आलं कोण जाणे. प्रेमलाबाई. जालन्याच्या घरात वीसेक वर्षं एकाच ओट्याशी दोघी, दुधाचं, गॅसचं, पाहुण्यांचं बोलणं रोजचं... पण त्या आत्ता, टीव्हीसमोर बसलेल्या असतील, आणि मालिका संपल्यावर अंधारात काय विचार करत असतील? सर्जेराव मध्ये नसते, तर आम्ही दोघी एका घरात राहिलो असतो का? प्रश्न भीतीदायक वाटायला हवा होता. तो नुसताच मोठा होता, खाली वाकून बघावंसं वाटणाऱ्या विहिरीसारखा.

निघताना दीपमाला दारापर्यंत आली.

“तुझ्या आईला का नाही सांगत?”

“सांगितलं की ती विचारणार, मंग तू तिथं कुणाच्या नात्यानं राहतीस? त्याचं उत्तर मराठीत मला येत न्हाई.” मग म्हणाली, “तिचा तुला फोन येईल. खोटं सांगू नको. खरंबी... बघ तुझं तू.”

उतरणीवर ऊन तिरपं झालं होतं. कुठल्याशा घरात मासे तळत होते, कुणी पेटी शिकत असल्यासारखे तेच तेच चुकीचे सूर येत होते. वंदना उत्तरं तयार करत चालली. तिला ते चांगलं जमायचं. कचेरीत, नात्यात, लग्नाकार्यात, समोरच्याने तोंड उघडण्याआधी तिच्याकडे वाक्य तयार असे. जावई गावाला गेलेत. जावई कामात आहेत. जावयांनी नमस्कार सांगितलाय... एकेक वाक्य उचलून ती पुन्हा खाली ठेवत होती.

फोन आलाच. तिकडे जेवणं उरकली असतील.

“पोचली का गं? दीपी भेटली?” चतुराबाईंचा आवाज वाऱ्यातून आल्यासारखा. “कुरडया दिल्या? जावयानं खाल्ल्या?”

“अमेलियाबाईंनी खाल्ल्या,” वंदना म्हणाली, आणि हे वाक्य तिने तयार केलेलं नव्हतं. “स्वतः तळल्या. दोनदा घेतल्या.”

“कोण अमेलिया?”

“दीपीची सासू. तुमची विहीण.”

आता पुढचा प्रश्न येणार, आन् जावई? वंदनाने भिंतीचा आधार घेतला. दूर कुत्रं भुंकल्याचा आवाज फोनमधून आला, धावड्याचं कुत्रं. मग चतुराबाई हळू, जरा लाजल्यासारख्या आवाजात म्हणाल्या,

“कशी हाय गं ती? एवढ्या वर्षांत कधी कुणी सांगितलंच न्हाई मला.”

वंदना दगडी पायरीवर बसली. येणारीजाणारी माणसं तिला वळसा घालून जात राहिली. कुठून सुरू करावं ते तिला माहीत नव्हतं, आणि सुरू केल्यावर कुठे जाऊन थांबेल तेही नाही. भाताचं सांगता सांगता रुईवर यावं लागेल, की त्याचं नाव येणारच नाही... ठेंगणी आहे, ती म्हणाली, तुमच्याएवढीच. आणि पुढचं वाक्य कोणतं येतंय, हे ती स्वतःच कान देऊन ऐकू लागली.