मागच्या टाकीतले टॉनिक

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे, आणि जुना असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. सव्वीस वर्षे मी नांगर ओढला, पोती वाहिली. शेजारची नवी यंत्रे सकाळी कुरकुरत बसत आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू होई. काकू, म्हणजे आमच्या मालकीणबाई, सगळ्यांसमोर माझे कौतुक करीत.

पुढे वय बोलू लागले. इंजिन खडखडू लागले, निळसर धूर येऊ लागला. गॅरेजवाल्या मावशींनी जुने तेल काढून नवे भरले आणि त्यात तेल अधिक निसरडे करणारे ॲडिटिव्ह अर्धी बाटली मिसळले. घरचे त्याला माझे टॉनिक म्हणत. झिजलेले भाग काही नवे झाले नाहीत, पण खडखड कमी झाली. काकांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, तर आनंदाचे भरते आले.

"पुढच्याला पाजलं, मग मागच्याने काय घोडं मारलंय?" असे म्हणत त्यांनी उरलेली अर्धी बाटली माझ्या मागच्या गिअरच्या तेलात ओतली. माझे ब्रेक त्याच तेलात बुडालेले असतात, हे त्यांच्या गावीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकू भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर आल्या. त्यांनी ब्रेक दाबला, पण मी घसरतच गेलो. त्यांनी प्रसंगावधान राखून मला गवताच्या गंजीत घातले. त्यांना खरचटलेही नाही.

"आता पुरे," थोरला मुलगा म्हणाला. "आईच्या जिवापेक्षा हा जास्त नाही. उद्याच भंगारात देतो."

माझे ब्रेक शाबूत होते, मित्रांनो. पण ते सांगायला मला तोंड कुठे होते?

काकूंनी आधी मावशींना बोलावले. त्यांनी मागचे तेल बोटांवर चोळून पाहिले. "काका, यात काय ओतलंत?"

काका जमिनीकडे बघू लागले. "टॉनिकच. उरलं होतं तेवढं."

"अहो, ते फक्त इंजिनाचं. ब्रेकला घट्ट धरावं लागतं आणि तुम्ही त्यालाच निसरडं केलंत."

त्यांनी ते तेल काढले, आतला भाग धुतला, योग्य तेल भरले. आता उतारावर तपासणी करायची होती. काकूंनी किल्लीकडे हात नेला, तर काका आडवे आले.

"चूक माझी आहे. मीच बसतो."

उताराच्या मध्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी थांबलो. काकांनी डोळे पुसले. थोरल्याने भंगाराचे नाव पुन्हा काढले नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना माया हवीच. पण आमच्यात काय आणि कुठे ओतायचे, ते आधी जाणत्याला विचारा. आम्हाला बोलता येत नाही, आणि उतारावर तुमचेच माणूस बसलेले असते.